हात पाण्यात

मंगळवार, १२ जानेवारी २०४४. सकाळी नऊ वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी मिरजेतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाळाच्या टबाने भोंगा वाजवला, तळाची झडप उघडली आणि सगळं पाणी सोडून दिलं. टबात चार महिने बारा दिवसांची मही मगदूम होती. ती श्वास घेत नव्हती.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त पोस्टमास्तर लाटकर भोंगा ऐकून आले. दाराचं कुलूप आणीबाणीत टबानेच उघडलं होतं. न्हाणीघरात महीची आई शर्वरी जमिनीवर बसून बाळाच्या नाका-तोंडावर तोंड ठेवून श्वास देत होती. लाटकरांनी नंतर सांगितलं की तिसऱ्या-चौथ्या श्वासाला बाळ खोकलं आणि मग रडलं. नऊ एकतीसला रुग्णवाहिका आली. नऊ चव्वेचाळीसला मही रुग्णालयात होती.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाळ किती वेळ एकटं होतं?"

शर्वरी म्हणाली, "टॉवेल आणायला गेले होते. एक मिनिटभर."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या वेळी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाळं अशीच बुडतात. पाच सेंटिमीटर पाणी पुरतं, आवाज होत नाही, आणि आई किंवा बाप हमखास टॉवेल नाहीतर फोन आणायला गेलेला असतो.

दुपारी टबाची नोंद आली.

*

टबाचं नाव ओंजळ. तीन वर्षांपूर्वी तो बाजारात आला आणि गेल्या वर्षापासून जिल्ह्यात जन्मनोंदणीबरोबर घरोघर दिला जाऊ लागला. शर्वरीने मात्र त्याआधीच टबांचा अभ्यास केला होता. ती दंतवैद्यांसाठी दातांच्या टोप्या संगणकावर घडवायची. मिलिमीटरच्या दहाव्या भागाने टोपी उंच झाली तर माणसाला घास चावता येत नाही, हे ठाऊक असलेली बाई. सातव्या महिन्यात तिने तक्ता केला होता. फुगवायचा टब बाद, कारण काठावर रेलताच तो कलतो. घडीचा टब बाद, कारण घडीच्या सांध्यात बुरशी धरते आणि बोटही सापडतं. आत बैठक असलेला सर्वांत आधी बाद, कारण बाळ बैठकीसकट उलटतं आणि आईला मात्र वाटत राहतं की ते बसवलेलं आहे. ओंजळच्या रकान्यात तिने लिहिलं होतं : मी चुकले तर याला कळेल.

कळायचं ते असं. टबाच्या काठात सोळा धातूच्या पट्ट्या असतात. त्या पाण्यातून अतिशय क्षीण वीज खेळवतात, त्वचेला तिचा पत्ताही लागत नाही. पाण्यात माणसाचं अंग असेल तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्या अंगात रक्त भरतं आणि विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. टब हा बदल मोजतो. बाळाची नाडी मिनिटाला सव्वाशे-दीडशे, मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी. एकाच पाण्यात दोन ताल चालू असतात, एक द्रुत आणि एक संथ. संथ ताल चार सेकंद सापडला नाही, तर मोठ्या माणसाचा हात सुटला असं टब धरतो, तळहाताएवढी झडप उघडतो आणि तीन सेकंदांत कोरडा होतो. पडद्यावर एरवी दोनच शब्द दिसतात : हात पाण्यात.

दुसरा नियम बाळाच्या नाडीचा. ती ऐंशीच्या खाली घसरली, तर हात असो वा नसो, झडप उघडते आणि भोंगा वाजतो. पण बाळ नुसतं पूर्ण बुडालं तर टब गप्प राहतो, अट एवढीच की हात पाण्यात हवा. डोक्यावरून पाणी घेताना, कुशीवर वळवताना बाळ क्षणभर बुडतं. मोठं माणूस हजर असेल तर त्याला ठरवू द्यावं, असा कंपनीचा विचार होता. एकूण यंत्र चांगलं होतं. ते आल्यापासून जिल्ह्यात आंघोळीच्या वेळी एकही मूल दगावलेलं नव्हतं.

बारा जानेवारीची नोंद चार ओळींची होती. पाणी ३७ अंश, खोली ११ सेंटिमीटर. ९:१५:२९, बाळ पूर्ण पाण्यात. ९:१६:४०, बाळाची नाडी ७८, झडप, भोंगा. चौथी ओळ : हात पाण्यात, सलग. हात सुटला, ० वेळा.

म्हणजे एकाहत्तर सेकंद बाळ पाण्याखाली होतं आणि एकाहत्तर सेकंद मोठ्या माणसाचा हात त्याच पाण्यात होता. घरात दुसरं माणूस नव्हतं. टॉवेल तर टबाशेजारच्या स्टुलावर घडी घालून ठेवलेला लाटकरांनी पाहिला होता.

मही नऊ दिवस रुग्णालयात राहिली आणि पूर्ण बरी झाली. एकवीस जानेवारीला जिल्हा बालसुरक्षा मंडळाने तिला आपल्या शिशुगृहात नेलं. आदेशात लिहिलं होतं : मातेचे निवेदन व उपकरणाची नोंद यांत गंभीर विसंगती.

*

शर्वरीचा नवरा पारस खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करायचा. दोन महिने तिकडे, एक महिना घरी. पात्यांमधले सेन्सर तपासणं हे त्याचं काम. तो चौदा तारखेला पोचला. मही अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर, सतरा तारखेला, तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नोंदीचा कागद घेऊन बसला. शर्वरीने पोहे केले होते. ते तसेच राहिले.

"तू टॉवेल आणायला गेली होतीस?"

"नाही."

"मग तसं का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं बाळ किती वेळ एकटं होतं. मला काही आठवतच नव्हतं, पारस. पाणी घालत होते, मग एकदम भोंगा. मधलं काही नाही. काहीतरी सांगायला हवं होतं ना."

"मधलं काही नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

पारसने कागद तिच्याकडे सरकवला. "मधलं इथं आहे. एकाहत्तर सेकंद. सेन्सर खोटं बोलत नाही, शर्वरी. मी रोज दीडशे मीटरवर लटकतो ते त्याच्याच भरवशावर."

"म्हणजे मी खोटं बोलते."

"एकदा बोललीसच की."

तिने बशी उचलली आणि पोहे डब्यात काढून ठेवले. आणखी एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती. ती तिने त्याला, डॉक्टरांना किंवा मंडळाला, कुणालाच सांगितली नव्हती. कारण ती सांगणं म्हणजे आणखी एक चूक कबूल करणं होतं.

महीला शिशुगृहात नेल्यावर दोन दिवसांनी पारस परत गेला. मुलीचा ताबा त्याच्याकडे मागता आला असता, पण वर्षातले आठ महिने समुद्रात असलेल्या बापाला तो कोण देणार? बसस्टॉपवर त्याने तिला बॅगेची चेन लावायला सांगितली, कारण त्याच्या दोन्ही हातांत सामान होतं. तिने ती लावली. एवढंच बोलणं झालं.

*

पहिला मेसेज बावीस जानेवारीला सकाळी नऊ एक्कावन्नला आला.

"मही. आंघोळ ९:४० ते ९:४६. पाणी ३७ अंश. हात पाण्यात. हात सुटला : ० वेळा. हात : अनोळखी. बाळाची सरासरी नाडी : १६१."

शिशुगृहातही ओंजळच होते. टब बाळाला पायाला बांधलेल्या ओळखपट्टीवरून ओळखायचा, घरी नोंदलेल्या नाडीशी जुळेल तो हात ओळखीचा धरायचा आणि जन्मनोंदणीत जो फोन लिहिलेला असेल त्यावर निरोप पाठवायचा. महीच्या नोंदणीत शर्वरीचा फोन होता. तो कुणी बदलला नव्हता.

शर्वरीने मेसेज उभ्याने वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला. सहा मिनिटं. ती स्वतः वीस मिनिटं लावायची. एकशे एकसष्ट म्हणजे मही पूर्ण वेळ रडत होती. घरी तिची सरासरी एकशे चोवीस असायची.

दुसऱ्या दिवशी १५८. मग १५९, १५२, १४९.

रोज सकाळी आठला ती दुधाच्या बाटल्या गार पेटीत घालून शिशुगृहाच्या फाटकावर नेऊन द्यायची. पहारेकरी सही घ्यायचा. आतून कधी कधी मुलांचा आवाज यायचा, पण तो कुणाचा हे कळायचं नाही. घरी येऊन ती संगणकासमोर बसायची. दाढेच्या टोप्या, सुळ्याच्या टोप्या. नऊ चाळीसला काम थांबवायची आणि फोन समोर ठेवायची. न्हाणीघराचा नळ ती उघडतच नव्हती. बादली स्वयंपाकघरात भरून घ्यायची.

जानेवारीच्या शेवटी कंपनीच्या सेवाकेंद्रातून फोन आला. एका मुलीचा आवाज होता, फार नम्र.

"मॅडम, आमच्याकडून तुम्हाला चुकून निरोप जातायत. ताबा बदललाय ना? बंद करून देऊ का?"

"नको."

"मॅडम, नियमाप्रमाणे..."

"लेखी अर्ज लागतो का बंद करायला?"

"हो, पालकांचा."

"मग मी करत नाही," शर्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

चार फेब्रुवारीला नाडी १४० वर आली. त्याच दिवशी मंडळापुढे पहिली सुनावणी झाली. अध्यक्ष मंदाकिनी हुद्दार, निवृत्त न्यायाधीश, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला : हात पाण्यात होता, तर बाळ वर का उचललं नाही? शर्वरी तिन्ही वेळा म्हणाली, माहीत नाही. दर रविवारी वीस मिनिटं, परिचारिकेसमोर भेट, एवढी सवलत मिळाली. आंघोळ घालायची नाही, पाजायचं नाही.

पहिल्या भेटीत मही परिचारिकेच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही. हसलीही नाही.

*

शर्वरीची आई ती सातवीत असतानाच गेली होती. सासू-सासरे बेळगावला थोरल्या मुलाकडे, दोघेही अंथरुणाला खिळलेले. म्हणून बाळंतपणात चाळीस दिवस गौराक्का यायची. वय सदुसष्ट, नदीवेशीत एका खोलीत राहणारी. तिने आयुष्यभर बाळं न्हाऊ घातली होती. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल, पीठ, तांब्या-तांब्याने ऊन पाणी, मग धुरी. शर्वरी सात फेब्रुवारीला, रविवारची भेट आटोपून, तिच्याकडे गेली.

"आलीस व्हय," गौराक्का म्हणाली. "दिवाळीपासनं एक बाळ आलं नाही माझ्याकडं. सगळ्यांच्या घरात त्यो टब. म्हटलं ही तरी येईल. बाळ कुठाय?"

शर्वरीने सगळं सांगितलं. गौराक्काने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत नवल होतं.

"पाय कुठं होतं तुझं?" तिने शेवटी विचारलं.

"अक्का, सगळे हात कुठे होते ते विचारतायत."

"त्यांना विचारू दे. मी पाय विचारते."

सव्वीस दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. शर्वरीने उत्तर दिलं.

टब वापरायला लागली त्या आठवड्यात तीनदा झडप उघडली होती. तेल लावलेलं बाळ एका हातावर तोलून दुसऱ्याने साबण घ्यायचा, आणि कधी चुकून दुसरा हातही पाण्याबाहेर यायचा. तीन वेळा हात सुटल्याची नोंद मंडळाकडे गेली. आरोग्यसेविकेचा फोन आला की पाच झाल्या तर घरी तपासणी होते. शर्वरी घाबरली. मग एक दिवस तिने टबाच्या टोकाशी पाट मांडला, दोन्ही पाय टबात लांब सोडले आणि महीला नडग्यांवर घेतलं, गौराक्का घ्यायची तसं. मही लगेच शांत झाली. टबही शांत राहिला. त्या दिवसानंतर तो एकदाही ओरडला नाही. लसीकरणाच्या वेळी तिने परिचारिकेला हे सहज सांगितलं, तर बोलणी खावी लागली : टब दिलाय ना, मग पायावर कशाला, जुनं ते जुनंच का? तेव्हापासून तिने ते कुणाला सांगायचं सोडलं.

"त्या दिवशी खाल्लं होतंस काय?"

"नाही. मही रात्रभर रडत होती. सकाळी चहासुद्धा..."

"न्हाणीचं दार बंद?"

"थंडी होती ना."

"वाफ कोंडलेली, पोट रिकामं, अंगात रक्त नाही." गौराक्काने तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. "चुन्यागत पांढरं हाय. तुझं रक्त बघितलं का कुणी त्या दवाखान्यात?"

"महीचं बघितलं."

"बाळाचं बघितलं. आईचं कोण बघतंय." ती उठली. "चक्कर आली तुला. मागं भिंतीला टेकलीस, आणि पाय तसंच पाण्यात. बाळ पायातनं निसटलं. आणि त्यो तुझा टब बसलाय पायाची नाडी मोजत, म्हणतोय आई हाय आई हाय."

"पाय त्याला हात वाटले?" शर्वरी म्हणाली.

"त्याला काय डोळं हायत काय?"

दुसऱ्या दिवशी शर्वरीने रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ७.९.

*

अठरा फेब्रुवारीच्या सुनावणीला मंडळाच्या सभागृहात टब भरून ठेवला होता. कंपनीतर्फे पुण्याहून सबनीस नावाचे अभियंते आले होते. पारस समुद्रातून पडद्यावर हजर होता. मागे वाऱ्याचा आवाज येत असल्याने त्याने माइक बंद ठेवला होता.

गौराक्काने पाट मागवला. पाट नव्हता, म्हणून दोन फायलींचे गठ्ठे एकमेकांवर ठेवले. ती लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन बसली, पाय टबात सोडले आणि नडग्यांवर बाहुली ठेवली. पडद्यावर शब्द उमटले : हात पाण्यात.

मग तिने दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दाखवले, कनवटीची चंची काढली आणि पान लावायला घेतलं. पाणी हललं नाही, झडप उघडली नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"पुरे," हुद्दार म्हणाल्या.

"थांबा मॅडम, चुना ऱ्हायलाय."

मंडळाचे दोन सदस्य हसले. हुद्दार हसल्या नाहीत. त्यांनी सबनिसांकडे पाहिलं.

"आम्ही चौदा हजार हातांवर चाचण्या घेतल्या," सबनीस म्हणाले. "संथ नाडी सापडली की हात, असं गृहीत धरलंय. पायांवर चाचणी झालेली नाही."

"का नाही?"

"टबात कुणी पाय घालून बसेल हे... आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"साहेब," गौराक्का पाय पुसत म्हणाली, "तुमच्या आईनं तुम्हाला कशावर न्हाऊ घातलं?"

"विचारून सांगतो," सबनीस म्हणाले, आणि हे खरंच वहीत लिहून घेतलं.

हुद्दार यांनी नोंदवलं की उपकरण पाय आणि हात यांत फरक करत नाही हे सिद्ध झालं. पण माता शुद्धीत नव्हती हे त्यातून सिद्ध होत नाही. पाय पाण्यात ठेवूनही माणूस जागा असू शकतो. गौराक्काने आत्ताच तसं करून दाखवलं होतं.

त्यावर सबनिसांनी सांगितलं की भोंगा वाजलेल्या प्रसंगाची पूर्ण नाडीलहर टबाच्या स्मृतीत राहते. नोंदीत फक्त होय-नाही उतरतं. लहर उघडायला दोन आठवडे लागतील.

संध्याकाळी पारसचा फोन आला.

"पायांचं मला का नाही सांगितलंस?"

"तू कागद पुढे सरकवलास. विचारलं नाहीस काही."

वाऱ्याचा आवाज येत राहिला. "मी एकतीस मार्चला येतो," तो म्हणाला. "घरी यायचं ना मी?"

"घर तुझंही आहे," ती म्हणाली. तिला याहून वेगळं काही म्हणता आलं असतं का, हे तिने नंतर बराच वेळ तपासून पाहिलं.

दरम्यान मेसेज येत होते. १३६. १३५. १३१. कालावधी सहावरून आठ मिनिटांवर गेला होता. शिशुगृहात कुणीतरी महीला थोडा जास्त वेळ देऊ लागलं होतं, आणि मही त्या हाताला सरावत होती. शर्वरी आकडा खाली आला की सुटकेचा श्वास टाकायची आणि मग फोन पालथा घालून ठेवायची. सत्तावीस फेब्रुवारीला १२९ आला. त्या दिवशी तिने एका टोपीची उंची चुकवली. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

*

तीन मार्चला लहर पडद्यावर दाखवली गेली. निळी, बारीक, दातेरी रेघ. सबनीस छडीने दाखवत होते. आकार पायाच्या नाडीचा आहे, टोक हाताच्या नाडीपेक्षा अणकुचीदार, हे पहिलं. शर्वरीची नाडी सुरुवातीला ९८. नऊ पंधरा अकराला ती सहा सेकंदांत ४४ वर कोसळते. अठरा सेकंदांनी बाळ पाण्यात जातं. नाडी ४४ ते ५० मध्ये राहते. भोंगा वाजताच १२१.

मंडळाने नेमलेल्या वैद्यकीय तज्ज्ञांचा अभिप्राय वाचून दाखवला गेला. "लहरीचे स्वरूप मूर्च्छेशी सुसंगत आहे. तथापि व्यक्ती शुद्धीत नव्हती असे केवळ नाडीवरून निश्चितपणे सांगता येत नाही. मूर्च्छा संभवते."

"शर्वरीबाई," हुद्दार म्हणाल्या, "आधी तुम्ही टॉवेल म्हणालात. आता मूर्च्छा म्हणता. तुम्हाला मूर्च्छा आल्याचं आठवतं?"

"नाही."

"मग ती आली हे तुम्हाला कसं माहीत?"

"मला माहीत नाही. टब सांगतोय. मी टॉवेल म्हणाले तेव्हा टबाचं धरलंत. आत्ताही टबाचंच धरा."

हुद्दार यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा टबाने 'आहे' म्हटलं होतं. आता तो 'संभवते' म्हणतोय. पाच महिन्यांचं लेकरू मी 'संभवते'वर परत देऊ?"

"सहा," शर्वरी म्हणाली. "परवा सहा महिने झाले तिला."

निकाल राखून ठेवला गेला. त्याआधी एक आदेश निघाला : मातेने शिशुगृहात, मंडळासमक्ष, एकदा पंधरा मिनिटं आंघोळ घालावी. फक्त हाताने.

*

गुरुवार, १० मार्च. सकाळचे साडेनऊ.

शर्वरीने पोळी-भाजी खाऊन, वर गूळ-शेंगदाणे खाऊन आल्याचं परिचारिकेला न विचारता सांगितलं. मग टॉवेल, झबलं, लंगोट, साबण, सगळं उजव्या हाताच्या टप्प्यात मांडलं. पुन्हा तपासलं. फोन बंद करून पिशवीत टाकला. बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं.

"सदतीस दाखवतोय की," परिचारिका म्हणाली.

"असू दे."

तिला स्टूल दिलं होतं. पाय तिने मागे घेऊन स्टुलाच्या पायांना आवळून धरले. डावा हात महीच्या मानेखालून पलीकडच्या दंडापर्यंत नेला आणि तिला पाण्यात उतरवलं.

मही रडायला लागली. पडद्यावर : हात पाण्यात. हात : ओळखीचा. बाळाची नाडी : १५६.

हुद्दार भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वही होती. शर्वरीने घाई केली नाही. आधी पाय, मग पोट. मही ओरडत होती. तिचं अंग ताठ झालं होतं आणि ती मान वळवून परिचारिकेला शोधत होती. शर्वरीच्या ते लक्षात आलं. परिचारिकेच्याही आलं, आणि ती एक पाऊल मागे सरकली.

गौराक्का पाणी घालताना टाळूला जीभ लावून एक आवाज काढायची, घोड्याला हाकारल्यासारखा. शर्वरीने तो काढला. पहिल्या खेपेला नीट जमला नाही. पुन्हा काढला. महीने रडण्यामध्ये थोडी उसंत घेतली आणि ऐकलं. १४८. पुन्हा रडली. आवाज चालू राहिला. १४३. शर्वरीचा डावा हात जागचा हलला नाही. बाराव्या मिनिटाला महीने ओल्या मुठीत तिचं मनगट धरलं. १३६.

पंधरा मिनिटं संपली. परिचारिकेने टॉवेल पुढे केला. तो शर्वरीने घेतला, बाळाला त्यात गुंडाळलं, आणि मग बाळ परिचारिकेच्या हातात दिलं. मही पुन्हा रडू लागली. दार बंद झाल्यावर रडणं किती वेळ चाललं हे खोलीत ऐकू आलं नाही.

हुद्दार यांनी वहीत लिहिलं : हात सुटला, ० वेळा. नाडी १५६ ते १३६. हा आकडा मातेच्या बाजूचा की विरुद्ध, याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. सर्व कागद सदस्यांकडे पाठवण्यात आले.

शर्वरी घरी आली. संध्याकाळी तिने न्हाणीघराचा नळ उघडला, पाणी कोमट होईपर्यंत वाहू दिलं आणि पाय धुतले.

शुक्रवारी, ११ मार्चला, नेहमीची वेळ टळली तरी मेसेज आला नाही. तिने टोपीचं काम बाजूला ठेवलं. दहा वाजून चार मिनिटांनी तो आला.

"मही. आंघोळ ९:५२ ते १०:०१. पाणी ३७ अंश. हात पाण्यात. हात सुटला : ० वेळा. हात : अनोळखी. बाळाची सरासरी नाडी : १४४."

बुधवारी, शर्वरीने न्हाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी, ती १२७ होती. मंडळाचा निकाल अजून लागलेला नाही.